स्पर्शाचे भय आणि स्पर्शाची साक्ष : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात रुग्णसेवेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. संतचरित्रे, धर्मभगिनींच्या कार्याचे परिचय, दवाखान्यांच्या स्मरणिका, उपवासकाळातील चिंतने, या सर्वांतून ‘करुणा’ हा शब्द इतक्या वेळा भेटतो की तो वाचताना आता मनाला काही लागत नाही. या लेखनातील एक उणीव आम्हांस दीर्घकाळ जाणवत आली आहे. त्यात रुग्ण असतो, सेवक असतो, प्रार्थनाही असते; भय मात्र नसते. सेवा करणारा जणू निर्भय होऊनच जन्माला आलेला असतो. ज्याला कधी भीती वाटलीच नाही त्याच्या चरित्रातून आमच्यासारख्या भित्र्या माणसांनी काय शिकावे, हा प्रश्न अशा लेखनाला पडत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी हा प्रश्न आपणां सर्वांच्या दारात आणून उभा केला. ज्या घरांत रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना होते त्या घरांचीही दारे लागली. शेजारच्या घरात कोणी खोकले तरी आपण खिडकी लावून घेतली. जवळच्या माणसाचे अंत्यदर्शनही ज्यांना घडले नाही अशी कुटुंबे आज जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्या काळात आपण जे वागलो ते शहाणपण होते की भ्याडपणा, याचा निवाडा अद्याप आपण मोकळेपणाने केलेला नाही. असा निवाडा करताना वाङ्मयाची मदत होते, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून या लेखात आम्ही आपल्याच मातीतील एका ग्रंथाकडे वळत आहोत. तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) आमच्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. त्यांचे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाते अमेरिकन मराठी मिशनशी होते आणि त्यांच्या जीवनातील अनेक निर्णायक वर्षे नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गेली. १९३४ पासून भागशः ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. त्यातील विनोद, टिळकांचा विक्षिप्त उदारपणा, संसाराची ओढाताण आणि धर्मांतराने झालेली ताटातूट यांविषयी समीक्षकांनी भरपूर लिहिले आहे. या ग्रंथाचे आणखी एक सूत्र आहे, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते सूत्र स्पर्शाचे आहे.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले हे नाशिकजवळच्या जलालपूरचे. सत्तावन सालच्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या आघाताने नानांच्या मनावर जो परिणाम झाला त्याचे रूप सोवळ्याच्या वेडाचे होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, कोणाचा वारा लागायचा नाही, अशा दहशतीत ते घर दिवस कंठीत होते. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते की ही एका भयग्रस्त माणसाची कथा आहे. ज्या संकटावर नानांचा काही इलाज चालला नाही, त्या संकटाचे भय त्यांनी जगातील प्रत्येक वस्तूच्या स्पर्शावर लादले. साथीच्या दिवसांत बाजारातून आणलेली भाजी साबणाच्या पाण्यात बुडवणाऱ्या आपल्या पिढीला हे प्रकरण आता अधिक जवळचे वाटावे.

हे भय मुलीच्या रक्तातही उतरले होते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तेव्हाही त्यांनी आपले पाणी, आपली चूल, आपले सोवळे वेगळे ठेवले होते. नवऱ्यावर अपार प्रेम, पण त्याच्या हातचे पाणी नको, अशी ती स्थिती होती. पुढे विचार करता करता एके दिवशी त्यांच्या मनातील जातिभेदाची भिंत कोसळली आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. राहुरीस १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. विटाळाची कल्पना आधी गेली आणि बाप्तिस्मा नंतर आला. धर्मांतराची कथा सांगणाऱ्या अन्य कोणी हा क्रम कदाचित उलटा करून दाखवला असता. बाप्तिस्म्याच्या पाण्याने सारे धुऊन निघाले, असे लिहिले असते. लक्ष्मीबाई असे सोयीचे लिहीत नाहीत. माणसाचे मन किती हळू बदलते हे त्या लपवीत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यावर आपला विश्वास बसतो.

या पार्श्वभूमीवर प्लेगच्या काळाकडे पाहिले पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि पुढील काही वर्षांत तो दख्खनच्या गावोगाव पसरला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. पुण्यात सोल्जरांनी घरे तपासली, आजारी माणसे उचलून नेली. त्या जुलमाच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. लोकांना रोगाचे भय होते आणि रोगापासून वाचवू म्हणणाऱ्या सरकारचेही. गावे ओस पडली, माणसे माळावर झोपड्या घालून राहू लागली. नगरातही प्लेग आला. मिशनच्या आश्रयाला असलेल्या मुली आजारी पडू लागल्या, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेला लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. ज्या घरात वाऱ्याचाही विटाळ होत असे त्या घरची मुलगी आता परजातीच्या, परक्या घरच्या मुलींच्या उशाशी होती.

आमच्या मते ‘स्मृतिचित्रे’चा खरा उत्कर्षबिंदू येथे आहे. जलालपूरच्या घरापासून या रुग्णशय्येपर्यंतचा प्रवास हा एका ब्राह्मण स्त्रीच्या धर्मांतराहून मोठा आहे. स्पर्शाला भिणारी स्त्री स्पर्शाची साक्ष देणारी झाली, असा हा प्रवास आहे. आणि तो सांगताना लक्ष्मीबाईंच्या लेखणीचा सूर उंचावत नाही. संसारातील फजिती ज्या सुरात सांगितली त्याच सुरात हेही येते. आपला राग, आपला हट्ट, आपली घाबरगुंडी यांपैकी काहीच त्यांनी ग्रंथातून वगळले नाही. त्यामुळे शुश्रूषेचा प्रसंग आला तरी वाचकाला पुतळा दिसत नाही, घरातील बाई दिसते. त्यांचा विनोद हा नम्रतेचाच एक प्रकार आहे. आमच्या भक्तिपर लेखनात या नम्रतेचा अभाव आहे, म्हणून त्यातील करुणा पोकळ वाटते.

येथे एक आक्षेप येऊ शकेल. साथीच्या रोग्याला शिवणे हा अविचार नव्हे काय? कोरोनाच्या काळात दूर राहणे हेच प्रेम होते, असे आपल्याला सांगितले गेले आणि ते खरेही होते. मग स्पर्शाचे हे गुणगान कशासाठी? हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. त्याचे उत्तर शोधताना रोगांच्या इतिहासाकडे पाहावे लागते, आणि तेथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८९८ मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला काही वर्षे गेली. फुप्फुसाचा प्लेग श्वासातून पसरे हे खरे. परंतु गाठीच्या प्लेगात लोक माणसापासून पळत होते आणि उंदीर घरातच होते. कुष्ठरोग तर फारच कमी सांसर्गिक आहे. बहुसंख्य लोकांत त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते आणि आज बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. तरीही कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातील तरतूद आपल्या देशातून २०१९ साली गेली. एचआयव्हीचा विषाणू हात हातात घेतल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. आणि त्याच रुग्णांचे कप वेगळे ठेवले गेले, त्यांची मुले शाळेतून काढली गेली.

तात्पर्य असे की स्पर्शाचे भय रोगाच्या धोक्याच्या प्रमाणात वाढत नाही. जेथे धोका अगदी थोडा तेथेही ते पराकोटीला जाते. हे भय जंतूंपासून जन्मलेले नाही. ते जंतूंच्या शोधापूर्वीपासून आपल्या घरात आहे. त्याचे नाव विटाळ. साथ येते तेव्हा ते शास्त्राची भाषा उसनी घेते, एवढेच.

यावरून अंतर आणि विटाळ यांतील भेद स्पष्ट होतो. वैद्याने सांगितलेले अंतर मोजता येते आणि ते एके दिवशी संपते. चौदा दिवस झाले, तपासणी झाली, की दार उघडायचे असते. विटाळ संपत नाही. बरा होऊन आलेल्या माणसाकडेही तो संशयाने पाहतो, त्याच्या मुलांकडे पाहतो, मेल्यावर त्याच्या देहाकडेही पाहतो. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोरोनाने मृत्यू पावलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरांच्या दफनाला जमावाने विरोध केला, रुग्णवाहिकेवर दगड आले, आणि अखेर सहकारी डॉक्टरला रात्री दोन कर्मचाऱ्यांच्या मदतीने खड्ड्यात माती लोटावी लागली. त्या देहापासून जमावाला जे भय वाटले ते वैद्यकाचे नव्हते. अंतर प्रेमाने पाळता येते. विटाळ प्रेमाने पाळता येत नाही. २०२० साली आपण काय पाळले, याचे उत्तर ज्याने त्याने शोधावे. दार बंद ठेवूनही उंबऱ्यावर जेवणाचा डबा ठेवणारे होते, आणि साथ ओसरल्यावरही दार न उघडणारे होते.

शुभवर्तमानाने हा भेद फार पूर्वी दाखवला आहे. मार्काच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपाशी येतो. येशू शब्दानेही त्याला बरे करू शकला असता. अन्यत्र त्याने दुरूनच रोगी बरे केले आहेत. येथे मात्र तो आधी हात पुढे करून स्पर्श करतो आणि मग रोग जातो. स्पर्शाला रोगमुक्तीची अट नाही. या कथेचा शेवट सहसा प्रवचनात येत नाही. बरा झालेला मनुष्य समाजात परततो आणि येशूला मात्र उघडपणे गावात जाता येत नाही; तो बाहेर, ओसाड ठिकाणी राहतो. दोघांच्या जागा बदलतात. प्लेगच्या दिवसांत गावाबाहेर माळावर ज्या झोपड्या पडल्या त्यांना ख्रिस्ती वाचक या कथेपासून वेगळे कसे करू शकेल? फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त येशूचे जीवन ओवीत गायले, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या मुळाशी हाच स्पर्श करणारा प्रभू आहे.

मोलोकाईचे संत दामियन यांचे उदाहरण आमच्या वाचकांना परिचित आहे. १८७३ मध्ये ते कुष्ठरोग्यांच्या त्या वसाहतीत गेले, १८८९ मध्ये त्याच रोगाने वारले आणि २००९ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांची कथा आपण बहुधा हौतात्म्याची कथा म्हणून सांगतो. परंतु तिचे मर्म एका सर्वनामात आहे. स्वतःला रोग नसतानाच ते प्रवचनात त्या लोकांविषयी बोलताना ‘तुम्ही’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणत असत. सेवेच्या वाङ्मयाची कसोटी हीच आहे, असे आम्ही मानतो: लेखक रुग्णाला कोणते सर्वनाम देतो?

या कसोटीवर ‘स्मृतिचित्रे’लाही लावून पाहणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. लक्ष्मीबाई थोर खऱ्या, पण त्यांची दृष्टी ही वरून खाली उतरलेल्या स्त्रीची दृष्टी आहे. त्यांच्यासाठी स्पर्श हा विजय होता. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आली. त्यांच्यासाठी विटाळाचा अर्थ निराळा होता. ते पिढ्यान्पिढ्या विटाळाच्या दुसऱ्या बाजूस उभे होते. साथ नसतानाही ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांना साथीचे दूरत्व नवे नव्हते. मिशनच्या दवाखान्यांत मलमूत्र काढणाऱ्या, प्रेते धुणाऱ्या, रात्रभर जागणाऱ्या आया आणि सेविका बहुतांशी याच घरांतील होत्या. त्यांच्या सेवेला त्यागाचे नाव मिळाले नाही, कारण ते त्यांचे कामच आहे, असे समाजाने गृहीत धरले. त्यांतील बहुतेकींची स्मृतिचित्रे लिहिली गेली नाहीत. हा लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे. तो आमच्या वाङ्मयाचा अपुरेपणा आहे आणि तो भरून काढण्याचे उत्तरदायित्व आमच्यावर आहे.

करुणेवर ख्रिस्ती लोकांची मिरास आहे, असा दावाही आम्ही करीत नाही. नगरला मिस सिंथिया फॅरर यांची मुलींची शाळा पाहून ज्या जोतिराव फुल्यांना स्फूर्ती मिळाली, त्यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई १८९७ च्या साथीत पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या. एका आजारी अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोहोचवले. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी दैना झाली तिच्याविरुद्ध वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिले आणि सरकारचा रोष पत्करला. करुणेला हात असतात तसा आवाजही असावा लागतो, हे रमाबाईंनी दाखवले. अलीकडच्या काळात, १९८९ पासून, नगरमध्येच गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘स्नेहालय’ने लालबत्ती वस्तीतील मुलांना आणि एचआयव्हीग्रस्तांना जवळ केले. आणि २०२० मध्ये कोरोनाची दहशत असताना नगरच्या इव्हँजेलिन बूथ रुग्णालयाने, म्हणजे मुक्तिफौजेच्या दवाखान्याने, कोरोनाच्या रुग्णांसाठी आपली दारे उघडली. लक्ष्मीबाईंच्या नगरात त्यांची परंपरा खंडित झालेली नाही.

मग आमच्या लेखनाचे काय? त्या दोन वर्षांत आमच्या समाजातील किती परिचारिका, किती वॉर्डबॉय, किती धर्मभगिनी रुग्णांजवळ राहिल्या असतील! रबरी हातमोज्यातून का होईना, मरणाऱ्याचा हात त्यांनी धरला. जे धर्मगुरू रुग्णाभ्यंगासाठी जाऊ शकले ते गेले. जे जाऊ शकले नाहीत त्यांच्या मनाला ते शल्य आजही बोचत असेल. या माणसांनी लिहिले पाहिजे. लिहिताना त्यांनी आदर्श सेवकाचा मुखवटा चढवू नये, ही आमची विनंती आहे. घरी परतल्यावर लेकराला जवळ घ्यायची भीती कशी वाटली, एखादा रुग्ण नकोसा कसा झाला, कोणत्या रात्री नोकरी सोडावीशी वाटली, हेही त्यांनी लिहावे. आणि ज्यांनी दार उघडले नाही त्यांनीही लिहावे, कारण त्यांचीच संख्या अधिक आहे आणि आम्हीही त्यांच्यातलेच आहोत.

दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला हजारो भाविक लोटतात. कोणी पाठुंगळीला लेकरू घेऊन येते, कोणी म्हाताऱ्या आईचा हात धरून. त्या गर्दीत कोणाला कोणता रोग आहे हे कोणी विचारीत नाही. धक्के लागतात, घाम लागतो, एकाच्या मेणबत्तीवर दुसऱ्याची पेटते. आपल्या लोकांना स्पर्शाची ही भाषा येते. यात्रेतील ती भाषा परतल्यावर गल्लीतही टिकावी, साथीच्या दिवसांत अंतर पाळावे लागले तरी मनात विटाळ शिरू नये, एवढ्यासाठी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा वाचण्याजोगी आहेत. जलालपूरच्या त्या घरातील मुलीला जे साधले ते सोपे नव्हते आणि एका दिवसात झालेले नव्हते. तिने ते प्रांजळपणे लिहून ठेवले, हे आपल्यावर तिचे ऋण आहे.